न थांबणारा पंचम

म्हैसूरच्या सरस्वतीपुरममधल्या त्या कॉफीच्या हॉटेलात हार्मोनियमचा पंचम लागला... आणि थांबेचना!

सगळे माना वळवून बघू लागले. कोपऱ्यातला तरुण कावराबावरा होऊन लॅपटॉपची दिसेल ती कळ दाबत होता. मधुमिताच्या हातातला कॉफीचा पेला तसाच राहिला. तिच्या वडिलांच्या, आप्पांच्या भजनवर्गातल्यांना घरी सराव करता यावा, म्हणून हा प्रोग्राम तिनंच लिहिला होता. कळ दाबली की सूर लागायचा, बोट उचललं की थांबायचा. निदान तिच्या विंडोजवर तरी!

"अय्यो, सरका जरा," म्हणत तिनं तो बंद केला.

"तुम्हाला बरं जमलं!"

"मीच लिहिलाय."

"म्हणजे माझी शोभा तुम्हीच केलीत," तो हसला. डोळ्यांनी जास्त, ओठांनी कमी.

साकेत नाशिकचा. ऑफिसच्या कामासाठी काही महिने म्हैसूरला आलेला आणि आप्पांच्या, म्हणजे रंगरावांच्या, वर्गात नवाच. प्रोग्राम मॅकवरच बिघडायचा आणि मॅक त्याच्याकडेच होता, म्हणून दोष शोधायला दर रविवारी तो घेऊन तिच्या घरी येऊ लागला. दोष सापडला. रेकॉर्डिंगसाठी कमांडची कळ दाबलेली असताना सुरावरचं बोट उचललं, तर मॅक ती खबर देतच नव्हता. प्रोग्राम बिचारा समजायचा, बोट अजून तिथंच आहे.

"सोप्पं आहे," मधुमिता म्हणाली. "थोडा वेळ खबर नाही आली, की सोडलं समजायचं. सूर बंद."

"आणि कोणी खरंच धरून बसलं असेल तर?" तो तिच्याकडेच बघत होता. "अंदाज कशाला? सरळ विचारावं ना कीबोर्डला... बोट आहे का अजून?"

तिनं नजर खाली वळवली आणि अंदाजच लिहून टाकला.

मग त्याचं ऑफिसचं काम संपलं आणि नाशिकला परतायचा दिवस आला. दारात चपला घालताना तो म्हणाला, "मधुमिता... जाऊ मी?"

'थांब' अगदी ओठांवर आलं होतं. पण मान ताठ! "जा की. सुम्ने कशाला थांबायचं?"

सुम्ने म्हणजे उगाच, एवढं कन्नड त्याला येत होतं. तो गेला. ना फोन, ना मेसेज. त्यानं सोडलं, असं तिनं समजून टाकलं आणि आतल्या आत कुढत राहिली.

एका रविवारी आतल्या खोलीत चाललेल्या भजनवर्गातून आप्पा ओरडले, "मधू, काय गं हे! पोरगी सूर छान धरून होती, तुझ्या प्रोग्रामनं मध्येच तोडला!"

ती तशीच उभी राहिली. मग बसली, तो अंदाज पुसला, विचारणारा कोड लिहिला... आणि साकेतला फोन लावला. "नवीन व्हर्जन पाठवलंय. बघशील? माझ्याकडे मॅक नाही ना, अल्वा?"

थोड्या वेळानं फोनमधून पंचम आला. "कमांड दाबली. सोडली. पंचमावरचं बोट तसंच आहे," साकेत म्हणाला. सूर चालूच राहिला.

"साकेत... तू सोडलंस का रे?"

"कळ?"

"कळ नाही!"

"नाही सोडलं. तू जा म्हणालीस, मला वाटलं, तूच..."

"मग ये की परत! आप्पा रोज विचारतात."

"फक्त आप्पा?"

"...मी पण."

"मोठ्यानं बोल. इथं सूर चालू आहे."

"मग बोट उचल की!"

"नाही उचलत."

तेव्हा ती इतक्या मोठ्यानं "मी पण!" म्हणाली, की आतला अख्खा भजनवर्ग थांबला.