मुठीचं माप

जे सांगतोय त्यात पदरचं एक अक्षरही घातलेलं नाही. हे माझ्या सख्ख्या आत्याच्या घरी घडलं. तिने ते मला एकदाच सांगितलं. पुन्हा कधीच नाही.

वर्ष २००९. एप्रिल महिना. भिवंडीजवळचं वडपे.

आणि रात्र नव्हती. टळटळीत दुपार होती.

पण सुरुवात त्याच्या आधीची आहे.

माझी आत्या तुळजा. तिचे यजमान केसरीनाथमामा त्याच्या दीड वर्ष आधी हायवेवर ट्रकखाली गेले. तेव्हापासून तुळजा रडली नव्हती. गावच्या बायकांनी गळ्यात पडून तिला रडवायचा प्रयत्न केला. ती नुसती भिंतीकडे बघत बसली.

ती जेवायची, पण आमटीत मीठ आहे की नाही ते तिला कळायचं नाही. चुलीवरचं भांडं उघड्या हाताने उतरवायची. बोटाला फोड आला की तो बघत राहायची... दुसऱ्याच कुणाचं बोट असल्यासारखं.

घरात ती आणि म्हातारी सासू राहीबाई. दोघीच. आजूबाजूची शेतं विकली गेली होती. चारी बाजूंना गोदामांच्या पत्र्याच्या भिंती आणि मधोमध यांचं घर, मागे शेताचा तुकडा. तो तुकडा विकायची घाई बाळारामला झाली होती. बाळाराम म्हणजे तिचा दीर. घेणाऱ्याला रस्त्यापर्यंतची सगळी जागा एकसंध हवी होती, आणि तुळजाच्या सहीशिवाय काम अडलं होतं.

मग फोन येऊ लागले. पलीकडे कुणी बोलायचं नाही. कधी कौलावर दगड पडायचा.

तुळजाने हत्याराच्या परवान्यासाठी अर्ज केला. बरेच हेलपाटे झाले, पण परवाना मिळाला.

ठाण्याला रामनाथ नावाच्या माणसाचं बंदुकांचं दुकान होतं. विकायचाही तोच, दुरुस्तही तोच करायचा. त्याने काचेवर एक नवं कोरं रिव्हॉल्वर ठेवलं.

"ताई, हे न्या. नुसता चाप ओढायचा. बाकी काही बघायचं नाही."

तुळजाने ते हातात घेतलं. खाली ठेवलं. तिची नजर कोपऱ्यातल्या एका जुन्या रिव्हॉल्वरवर होती.

"ते दाखवा."

"ते सिंगल अॅक्शन. विलायती आहे, जुनं. त्यात प्रत्येक गोळीला आधी अंगठ्याने घोडा मागे ओढावा लागतो. घोडा ओढल्याशिवाय चाप कितीही दाबा, काही होत नाही. बाईमाणसाला कटकट आहे ती."

तुळजाने घोडा ओढला.

कट्... कट्... कट्... कट्.

तो आवाज तिच्या मनगटात शिरला, कोपरापर्यंत गेला. दीड वर्षात पहिल्यांदाच तिला हातात काहीतरी जाणवलं.

"हेच द्या," ती म्हणाली.

आणि मग तिने ते आपल्या मनासारखं करून घ्यायला घेतलं. साड्या, दागिने, कशाचीच हौस उरली नव्हती तिला. पण याची होती. चकाकी नको, काळं करा. घोडा जड जातोय, आतली स्प्रिंग हलकी करा. मुठीवरचं पांढरं प्लास्टिक काढा, लाकूड लावा.

लाकूड तिने घरून नेलं. केसरीनाथमामा ओटीवर ज्या शिसवी खुर्चीत बसायचे, तिचा एक हात मयताच्या गर्दीत मोडला होता. तोच.

रामनाथने मऊ मातीचा गोळा तिच्यापुढे धरला.

"घट्ट धरा. सोडा. आता तुमच्या बोटांच्या मापाने खाचा पाडतो. दुसऱ्या कुणाच्या हाताला बसणार नाही अशी मूठ करतो बघा."

मूठ तयार झाल्यावर ती आणायला गेली. काम सुरेख झालं होतं. तिने रिव्हॉल्वर उचललं...

मूठ तिच्या हातात मावेना.

खाचा लांब लांब पडल्या होत्या. तिची बोटं त्यात पोहोचतच नव्हती. आणि तिसरी खाच अर्धीच होती.

"असं कसं?" रामनाथ गोंधळला. "मातीवरूनच केलंय, ताई. थांबा."

त्याने आतून वाळलेला गोळा आणला.

मातीत हात उमटला होता. रुंद. राकट. पुरुषाचा. अनामिकेचा ठसा पहिल्या पेरापाशीच संपत होता.

केसरीनाथमामांची अनामिका तशीच होती. तरुणपणी भिवंडीच्या निजामपुऱ्यात यंत्रमागावर कामाला होते, तेव्हा पेर गेलं होतं.

"पण माझ्यासमोर तर तुम्हीच..." रामनाथने गोळा खाली ठेवला. "नवीन करून देतो. लगेच देतो."

"नको. अशीच राहू दे."

तिला भीती वाटली नाही. आनंदही झाला नाही. तिने ते पिशवीत घातलं आणि भिवंडीची एसटी धरली.

घरी ते आतल्या खोलीतल्या लोखंडी कपाटात ठेवलं. किल्ली कमरेला. गोळ्या वेगळ्या, माळ्यावरच्या डब्यात.

पहिल्यांदा राहीबाईंनी ऐकलं.

"तुलजे, दुपारचं कपाट कोन उघडतंय?"

"कोनी न्हाय, आय."

"मंग कटकट कसली वाजतंय?"

तुळजाने कान दिला. काहीच नव्हतं. पण संध्याकाळी कपाट उघडलं तेव्हा घोडा मागे ओढलेला होता. तिने तो अलगद खाली सोडला. दुसऱ्या दिवशी पुन्हा ओढलेला. मूठ हाताला कोमट लागली... कुणीतरी आत्ताच ठेवल्यासारखी.

होळीनंतर एका दुपारी बाळाराम आला. राहीबाई देवळात गेल्या होत्या. त्याने कागद पुढे ठेवले.

"वयनी, आता किती रखडवनार? दादा तर गेला. तुला ती जमीन घेऊन काय कराचंय?"

खरंच, काय करायचंय? तुळजाने कागद जवळ ओढले. तिने पेन घेतलं. पेन टेकवलं.

आतल्या खोलीतून आवाज आला.

कट्...

बाळारामने मान वर केली.

कट्... कट्...

"घरान कोन हाय?"

"कोनी न्हाय. आय देवलान गेलीय."

कट्.

बाळाराम उठून आत गेला. खोली रिकामी. कपाटाला कुलूप. "उघड," तो म्हणाला. तुळजाने किल्ली फिरवली.

रिव्हॉल्वर फळीवर होतं. घोडा ओढलेला. नळी सरळ बाळारामच्या छातीकडे.

तो दोन पावलं मागे सरला. मग कागद, चपला, सगळं तिथेच टाकून अनवाणी हायवेकडे चालू लागला.

तुळजाने गोळ्यांची चक्री तपासली. आत एक गोळी होती.

तिने घातलेली नव्हती. माळ्यावरच्या डब्यावर बोटभर धूळ तशीच होती.

त्या दिवशी तुळजाने आमटीची चव घेतली आणि मीठ कमी असल्याचं तिला कळलं. आपला माणूस राखतोय आपल्याला, असं तिला वाटलं. आठ-पंधरा दिवस ती बरी होती. माझ्या आईला फोन केला, चक्क हसली.

पण दगड थांबले नाहीत. एक राहीबाईंच्या कपाळाला लागला. म्हातारीचं रक्त पुसताना तुळजा म्हणाली, "आय, बस झालं. मी सही करून टाकते. आपन कल्यानला भावाकडे जाऊ."

दोघी दुपारी आडव्या झाल्या, आतल्याच खोलीत, खाटेवर.

तुळजाला जाग आली ती थंडीने. बाहेर ऊन भाजत होतं आणि तिचे पाय गार पडले होते.

कपाटाचं दार उघडं होतं.

किल्ली कमरेलाच होती.

आणि नळी... नळी या वेळी बाहेरून आलेल्या कुणावर नव्हती. खाटेकडे होती. घोडा ओढलेला.

किती वेळ ती तशीच पडून होती, तिला सांगता येत नाही. ओरडावंसं वाटलं नाही. तिने फक्त राहीबाईंच्या अंगावरून हात टाकून म्हातारीला आपल्या मागे सरकवलं. मग उठली आणि घोडा खाली सोडला.

निवडणूक तोंडावर आली होती. परवान्याची हत्यारं पोलीस ठाण्यात जमा करायची होती. तिने त्याच दिवशी नेऊन दिलं. हवालदाराने पावती दिली. परत येताना रिक्षात तिला झोप लागली, इतकं हलकं वाटलं.

मग ती दुपार आली. एप्रिलची.

मतदान व्हायचं होतं. रिव्हॉल्वर पोलिसांकडे होतं. तुळजा चुलीपाशी भात बघत होती. राहीबाई दाराशी बसल्या होत्या.

कट्...

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

कट्... कट्...

"तुलजे," म्हातारी हळूच म्हणाली, "तू ता देऊन आलीस ना?"

तुळजा आत गेली. कुलूप उघडलं. फळी रिकामी होती. खाली अंथरलेल्या फडक्यावर मात्र खळगा होता, वजन ठेवल्यासारखा. तिने तिथे तळवा टेकवला.

कोमट.

आणि तळव्याखाली, अगदी स्पष्ट... कट्.

चौथा.

तिने कपाटाचं दार लावलं नाही. भात चुलीवर तसाच सोडला. म्हातारीचा हात धरला आणि दोघी ज्या निघाल्या त्या थेट आमच्या कल्याणच्या घरी आल्या.

रिव्हॉल्वर पुढे रामनाथमार्फत विकलं गेलं. जमिनीच्या कागदांवर सही कधी झालीच नाही. बाळारामनेही पुन्हा विषय काढला नाही. गोदामांच्या मधोमध ते घर अजून कुलूपबंद उभं आहे.

मी आत्याला विचारलं, "मामाच होते ना ते?"

ती मेथी निवडत होती. काड्या बाजूला सारत राहिली.

"तो असता तर बोलला असता रे," ती म्हणाली. "भांडला असता. शिव्या दिल्या असत्या. हा नुसता घोडा ओढायचा... आणि थांबायचा."

"मग कोण?"

ती उठून मेथी धुवायला गेली. मला नळाचा आवाज आला. बराच वेळ येत राहिला. मी जाऊन पाहिलं तर मेथी कट्ट्यावर कोरडीच होती... आणि आत्या कपाटातल्या फडक्यावर टेकवलेला तो तळवा वाहत्या पाण्याखाली धरून उभी होती.

मी पुन्हा विचारलं नाही.