उलट्या होडीखाली

तो धडपडला तो नेमका एब्बाच्या बुटांवर!

"अगं ए! वाटेत काय झोपलीस?"

"झोपले नाहीये. तास चालू आहे आमचा," एब्बा जमिनीवरूनच म्हणाली.

खरंच चालू होता. आमच्या बंदराच्या गावातलं जुनं रेल्वे स्टेशन, त्याचं प्रतीक्षालय, आणि फरशीवर उताणी पडलेली माझी पाचवीची सगळी पोरं. मधोमध मी! इमारत फळ्यावर शिकवता येत नाही, असं माझं ठाम मत. ती पाठीला, बोटांना, कानांना लागली पाहिजे. म्हणून दर गुरुवारी आम्ही गावात हिंडायचो.

बाहेर तिरपा पाऊस होता. त्याच्या केसांतून पाणी ठिबकत होतं आणि काखेत नकाशांची लांब नळी होती.

"तू यांची शिक्षिका?"

"हो. मारेन माझं नाव. आणि तू?"

"आस्गर. माझी गाडी आहे आत्ता... म्हणजे, होती."

"मग पड की," एब्बाने फर्मावलं. "उभ्याने काही दिसत नाही."

आणि तो खरंच पडला — चांगला कोट घालून, माझ्या शेजारी! वर पाहिलं.

"ही तर... उलटी होडी आहे," तो हळूच म्हणाला.

"होड्या बांधणाऱ्या सुतारांनीच घातलंय छप्पर. त्यांना दुसरं येतंय कुठे!" मी म्हणाले. तोरा लपवणं मला कधी जमलंच नाही.

मग आम्ही गाणं म्हटलं. इमारत बघून झाली की तिच्यात एक गाणं म्हणायचं आणि ती काय उत्तर देते ते ऐकायचं, हा आमचा नेम. त्या लाकडी पोटातून सूर घुमून खाली आला... आणि आस्गर छताकडे नाही, माझ्याकडे बघत होता.

पुढच्या गुरुवारी आमचा तास पाण्याच्या टाकीपाशी होता, तिथेही स्वारी हजर!

"पुन्हा गाडी चुकली?"

"तुमच्या गावातल्या गाड्यांना शिस्तच नाही."

"गाड्या वेळेवर असतात हो आमच्या. माणसंच रेंगाळतात."

तो हसला. गालावर एकाच बाजूला खळी पडायची त्याच्या. आता काय सांगू... त्यापुढचा गुरुवार उजाडेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

त्या गुरुवारी मुलं गेल्यावर त्याने नळी उघडली.

"मारेन... एक सांगायचं राहिलंय."

कागदावर काचेचं नवं स्टेशन होतं. सुंदर होतं, हीच तर पंचाईत! आणि ते उभं राहणार होतं आमच्या प्रतीक्षालयाच्या जागी. नगरपरिषद आठवड्याभरात ठरवणार होती.

"माझी पहिली इमारत आहे. छपराचे वासे चढले की वर हिरवं तोरण बांधतील ना, त्या दिवसासाठी आईने नवा कोटसुद्धा घेऊन ठेवलाय."

"इतके दिवस गोड गोड बोललास, आणि हे आज सांगतोस?"

"घाबरलो. तू बोलायची थांबशील म्हणून."

"बरोबर घाबरलास!"

मी तरातरा निघाले. घरी जाऊन ढसाढसा रडले — छपरासाठी की त्याच्यासाठी, कोण जाणे.

नगरपरिषदेची मंडळी प्रतीक्षालय बघायला आली तेव्हा ते दाखवायचं काम माझ्या पोरांनी मागून घेतलं. एब्बा थेट नगराध्यक्षांपुढे उभी राहिली.

"आडवा हो."

"मी?"

"उभ्याने काही दिसत नाही."

आणि काय सांगू, नगराध्यक्ष आडवा झाला! पाठोपाठ सगळे कोट-टायवाले. पोरांनी गाणं सुरू केलं, छपराने उत्तर दिलं, आणि खाली पडल्यापडल्या एक-दोन जाड आवाज त्यात मिसळले. माझी पोरं ती! अभिमानाने ऊर भरून आला माझा.

मग आस्गरला त्याचं चित्र दाखवायला सांगितलं. त्याने नळी उघडलीच नाही.

"माझं चित्र चांगलं आहे," तो म्हणाला. "पण ते कुठल्याही गावात शोभेल. हे छप्पर फक्त इथेच होऊ शकलं. पाडू नका."

हात वर झाले. प्रतीक्षालय वाचलं.

फलाटावर पावसात मी त्याला गाठलं. "माझ्यासाठी केलंस?"

"तुझ्यासाठी केलं असतं तर आवडलं असतं तुला?"

"मुळीच नाही."

"ठाऊक होतं. छपरासाठीच केलं." तो थांबला. "तू... तू त्याच्या आधीपासूनच आवडतेस."

त्याच्या काखेतली नळी ओढून मी माझ्या काखेत मारली. 

"आईला मात्र आता काय सांगू?" तो म्हणाला.

"काही सांगू नकोस. गुरुवारी घेऊन ये."

गुरुवारी प्रतीक्षालयाच्या दारावर बीचच्या झाडाच्या कोवळ्या पानांचं तोरण होतं, पोरांनीच गुंफलेलं. एब्बाने आस्गरला आधीच धमकावलं होतं, "तोरण बांधलं की सगळ्यांना सॉसेज! नाहीतर पेंढ्याचा माणूस टांगू छपरावर, तोरणाचं जेवण न देणाऱ्या चिक्कूंच्या घरावर सुतार टांगतात तसा." बिचारा पातेलंभर सॉसेज घेऊन आला.

आणि आली त्याची आई, निळाभोर नवा कोट घालून. एब्बाने तिलाही सोडलं नाही. कोटासकट ती आस्गरशेजारी फरशीवर पडली आणि वर बघू लागली.

"हे तू बांधलंस, आस्गर?"

"नाही, आई. मी हे पाडलं नाही."

आई कुशीवर वळली. तिने त्याचा गाल थोपटला.

दुसऱ्या बाजूला मी होते. त्याची बोटं फरशीवरून सरकत माझ्या हाताशी आली.

"आज कितीची गाडी?" मी विचारलं.

"गाडी नाही. इथेच घर बघतोय."

"एकटा बघू नकोस," मी त्याचा हात घट्ट धरत म्हणाले. "घर कसं बघायचं ते मी शिकवते."