ईशान्येला संडास

नम्रता उंबऱ्याच्या आत आली ती रडतच. हातातली नकाशाची गुंडाळी तिनं सासूच्या पुढ्यात टाकली.

"आत्या, सगळं ऑफिस हसलं मला."

दुर्गाबाई लसूण सोलत होत्या. खराडीत ज्यांच्या ज्वारीच्या रानात काचेच्या इमारती उगवल्या, त्यांतल्या त्या एक. शाळा दुसरीपर्यंत, जीभ मात्र पदवीधर. कॉम्प्युटरवर घराचे नकाशे काढायचा क्लास त्यांच्याच इमारतीत पहिल्या मजल्यावर भरायचा. सुनेला तिथं त्यांनीच घातलं होतं. शेवटचा नकाशा म्हणून नम्रतानं सासूच्याच नव्या बंगल्याचा आराखडा केला होता. तोच घेऊन ती आज मच्छिंद्रशेठ बिल्डरकडे नोकरीच्या मुलाखतीला गेली होती.

"उलगड."

कागद उलगडला आणि दुर्गाबाईंचा हात लसणावरच थांबला. जिना जाऊन भिंतीला धडकत होता. स्वयंपाकघराचं दार न्हाणीत उघडत होतं. आणि देवघर असायला हवं त्या ईशान्येच्या कोपऱ्यात संडास!

"शेठ वास्तुशास्त्र बघितल्याशिवाय खुंटी ठोकत नाहीत," नम्रता हुंदका गिळत म्हणाली. "कागदाला हातसुद्धा लावला नाही त्यांनी. म्हणाले, बाई, घरी जाऊन पोळ्या लाटा. उद्या सकाळी ती जागा आमच्या क्लासातल्या आमोदला देणारेत. आत्या, मी असं काढलं नव्हतं."

"ते मला नगं सांगू. तू चुकतीस, पण असं शेण खात न्हाईस. देवघर कुठं गेलं?"

"हे इथं, पश्चिमेला ढकललंय."

दुर्गाबाईंचं बोट तिथून वरच्या मजल्याच्या चौकटीवर गेलं. तिथल्या झोपायच्या खोलीचा एक कोपरा उंदरानं कुरतडावा तसा कापलेला होता. बोट तिथंच थबकलं.

"फ्लॉपी कुणाकुणाच्या हातातनं गेली?"

"शनिवारी क्लासात श्रीधरसरांनी तपासली. तेव्हा बरोबर होती. आमोद प्रिंट काढायला डेक्कनला चालला होता, सरांनी त्याच्याकडे दिली. दुकान बंद होतं म्हणून संध्याकाळी त्यानं इथं यांच्याकडे आणून दिली. आज यांनी प्रिंट काढून बंद गुंडाळी ऑफिसच्या दारात माझ्या हातात ठेवली."

'यांनी' म्हणजे शंभूनं, दुर्गाबाईंच्या एकुलत्या एका लेकानं. दोन वर्षांपूर्वी त्यानंही हाच क्लास केला होता. आता मच्छिंद्रशेठच्याच एका साइटवर तो सुपरवायझर होता. घरातला कॉम्प्युटरही त्याच्यासाठीच आणलेला.

जेवायला आलेल्या शंभूनं सगळं ऐकलं आणि ताट सारलं.

"आमोदचंच काम हाय. नोकरी कुणाला लागतीय ते बघ की. तंगड्या तोडतो त्याच्या."

"तोडू की," दुर्गाबाई म्हणाल्या. "मी सोडते व्हय? आधी तंगड्या कुणाच्या ते ठरू दे."

दुपारीच त्या जिना चढून क्लासात गेल्या. मागं नम्रता आणि शंभू. आमोदला थांबवून बाकीच्या पोरांना त्यांनी घरी पिटाळलं आणि दार ओढून घेतलं. श्रीधरसरांनी क्लासच्या मशीनवर नम्रताचा मूळ नकाशा उघडला. तो शाबूत होता. म्हणजे खोडी फ्लॉपीवरच झाली होती.

"दुर्गाबाई, आपण मालकीणबाई आहात, पोलीस नाही," सर चष्मा पुसत म्हणाले.

"पोलिसाला चहा पाजावा लागतो. मला नगं. शनिवारी नकाशा बरोबर होता म्हंता?"

"बरोबर म्हणजे, एक दोष होता. देवघराच्या वर तिनं काहीच बांधलं नव्हतं. जागा फुकट जाते म्हणून मी लाल खूण केली होती. बाईंनी ऐकलं नाही. कारण विचारलं तर म्हणे, सासूबाईंना तसंच हवंय. पुढं मी कशाला पडतो?"

"बरं केलंत." त्या आमोदकडे वळल्या. "तू रं? फ्लॉपी घरी नेलीस?"

"काकू, सिरियसली, मी ओपनच नाही केली. घरी पीसीच नाहीये माझ्याकडे."

"पण नकाशा बघितला असशील की. शेजारच्याच मशीनवर बसतोस."

"रोज बघायचो."

"मग देवघराच्या वर मोकळं काय हाय, सांग."

आमोद गोंधळला. "डक्ट ना? पाइप न्यायला?"

"आई, कशाला टाइमपास!" शंभू उसळला. "त्यालाच नोकरी मिळतीय, त्यानंच केलं. सरळ हाय."

"सरळ दिसतंय खरं." दुर्गाबाईंनी बिघडलेला कागद टेबलावर पसरला आणि चार कोपऱ्यांवर चार माउस ठेवले. "आता गप ऐका.

"देवाच्या डोक्यावर कुणाचा पाय पडू द्यायचा न्हाय, ही आमच्या घरची रीत. देवघरावर ना खोली, ना माळा. नम्रतानं तसंच काढलं. मास्तरांना तो दोष वाटला, ह्या पोराला पाइप वाटला. दोघांचंही काही चुकलं न्हाय, त्यांचा देव न्हवं तो.

"आता ज्यानं नासवलं त्याचं बघा. ईशान्येला संडास आणला. शेठ कशानं पेटतो हे त्याला पक्कं ठावं होतं. जिना मोडला, दारं फिरवली. देव उचलून पश्चिमेला नेला. इथवर कुणीही करंल. पण पुढं काय केलं? वरच्या मजल्यावर गेला आन् देव जिथं नेला, बराबर त्याच्या वरची खोली कापली. देवाच्या डोक्यावरचं मोकळं केलं. ज्याला घराची माती करायचीय, त्यानं एवढी मेहनत कशापायी घ्यावी? ती खोली कापली नसती तर कुणाला कळणार होतं?"

दुर्गाबाईंनी कापलेल्या खोलीवर बोट टेकवलं.

"ज्याच्या अंगात ही रीत भिनलीय, त्यानंच ती मेहनत घेतली. असली माणसं ह्या खोलीत तिघं. मला मशीन येत न्हाय. हिनं स्वतःच्या पायावर धोंडा मारायचं कारण न्हाय. ऱ्हायला कोण, शंभू?"

नम्रतानं नवऱ्याकडे पाहिलं. तो फरशीकडे बघत होता.

"काल माहेरी गेले होते तेव्हा," ती हळूच म्हणाली. "कॉम्प्युटर गरम होता आल्यावर. तुम्ही म्हणालात, गेम खेळत होतो."

"मग काय करू?" शंभू एकदम ओरडला. "शेठकडं मी ऑफिसात टेबल मागितलं, त्यानं मला साइट दिली. आता ही एसीत बसून नकाशे पाठवणार, आन् मी उन्हात उभा राहून ते गवंड्याला समजावून देणार! साइटवरची पोरं आत्तापासून दात काढत्यात."

"आन् वरची खोली का कापलीस?"

"हात धजला न्हाय, आई. तशी ठेवायला."

"देवासाठी हात थांबला तुझा." दुर्गाबाईंचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. "हिच्यासाठी न्हाय थांबला. आन् वर त्या परक्या पोराच्या तंगड्या तोडायला निघाला व्हतास."

माफी मागणं दुर्गाबाईंच्या जिभेला कधी जमलं नव्हतं. त्या आमोदला म्हणाल्या, "खाली चहा ठेवलाय, पिऊन जा."

"काकू, पण मग माझ्या जॉबचं?"

"लढ की हिच्याशी. चांगल्या नकाशावर." मग लेकाकडे वळून, "ऊठ. शेठपुढं जाऊन हेच सगळं बोलायचं. समद्या ऑफिसदेखत."

"आई, ती पोरं… मला तिथं रोज तोंड दाखवायचंय."

"हिलाबी दाखवायचं व्हतं." दुर्गाबाईंनी पदर खोचला. "चल, मी येते. माझ्याच तोंडानं सांगते कुणाचा लेक हाय ते."

"आत्या, तुम्ही थांबा." नम्रतानं डोळे पुसले होते. मूळ नकाशा नव्या फ्लॉपीवर घेऊन तिनं ती पर्समध्ये टाकली. "माझं हसं झालं, मीच नेते यांना. प्रिंटही मीच काढणार. कायनेटिकची किल्ली द्या."

शंभूनं खिशातून किल्ली काढली. ती घेताना तिनं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"मागं बसा. आणि ही गुंडाळी धरा नीट, ईशान्येला संडासवाली. शेठना दाखवायचीय."

दुर्गाबाई खिडकीत उभ्या राहिल्या. शेठच्या ऑफिसला बाहेरच्या रस्त्यानं पटकन जाता येतं. नम्रतानं गाडी गावातून घेतली. पारावर माणसं बसली होती, साइटवरून सुटलेली दोनचार पोरंही होती. सगळ्यांच्या माना वळल्या. मांडीवर आडवी गुंडाळी धरून शंभू बायकोच्या मागं मान खाली घालून बसला होता, आणि नम्रता गाडी इतकी सावकाश चालवत होती की चालणारा माणूसही पुढं जावा.

"आणखी हळू," दुर्गाबाई खिडकीतून पुटपुटल्या. "आणखी हळू चालव, पोरी."