बाईंचं बोट

नव्या घरात धाकटीला स्वतःचे म्हणून मिळत ते दुपारचे तीन ते पाच. मोठ्या जाऊबाईंनी ते तिला दिले होते आणि दिल्याची आठवणही त्या अधूनमधून करून देत. दर बुधवारी त्या वेळात ती कागदांची पिशवी घेऊन शाळेतून निवृत्त झालेल्या बाईंकडे जायची. वाचनालयाच्या अंकासाठी तिनं आईच्या शेवटच्या दुपारची हकिकत लिहिली होती. ग्रंथपाल म्हणाले होते, "चांगलं आहे, पण एकदा बाईंच्या नजरेखालून जाऊ दे."

बाईंची पद्धत साधी होती. कागद त्या हातात घेतच नसत. समोर बसवून मोठ्यानं वाचायला लावत आणि वाक्य खोटं असेल तिथं खुर्चीच्या हातावरचं बोट इंचभर उचलत. बस. पुढचं आपण बघायचं.

पहिल्या बुधवारी 'अश्रूंचा महापूर' गेला. धाकटीला मनातून हसूच आलं. एवढा पूर आला असता तर घरातली भांडी तरंगली असती.

दुसऱ्या बुधवारी ती वाचत होती, 'आईनं हाक मारलीही असेल. मी गाढ झोपले होते.'

बोट उठलं.

तिनं 'डोळा लागला होता' करून पाहिलं. बोट उठलं. 'ग्लानी आली होती.' बोट तसंच.

"बाई, यात काय चुकलं?" कागद खाली घेऊन तिनं विचारलं.

"ते तुला माहीत."

माहीत होतंच. बारा वर्षांची होती ती, आणि टक्क जागी. पाणी दे, उशी सरकव, खिडकी लाव… दिवसभर हाकाच हाका. त्या दुपारच्या तीन हाका तिनं भिंतीकडे तोंड करून नुसत्या ऐकल्या. संध्याकाळी वडिलांनी विचारलं, तेव्हा झोपले होते म्हणाली. तेव्हापासून वडील सगळ्यांना सांगत आले, पोर झोपली होती, तिचा काय दोष. आणि अंक आला की तो सगळ्यात आधी वाचणार होते ते वडीलच.

पण बाईंना कुणी सांगितलं? पहिल्या दिवशी नवरा सोडायला आला होता, दारात बाईंशी बोलत उभा होता.

"तू काय बोललास रे बाईंशी?" चहा गाळता गाळता तिनं विचारलं.

"मी? हवापाण्याचं. त्या सारख्या माझ्या तोंडाकडेच बघत होत्या. दात घासलेत की नाही, अशी मलाच शंका आली."

"मी झोपेत बडबडते का?"

"बडबडतेस ना. 'उठते, उठते' म्हणतेस." तो हसला. "आणि उठत नाहीस."

तिचा हात गाळणीवरच थांबला.

तिसऱ्या बुधवारी ती खरं वाक्य लिहूनच गेली. वडिलांना काय वाटायचं ते वाटो. जिन्यात बाईंची सून भेटली.

"आज हळू वाचा हं. बाळ आत्ताच झोपलंय."

"मग बाईंना कसं ऐकू जाईल?"

सून तिच्याकडे बघतच राहिली. "त्यांना कुठे ऐकू येतं? सहा वर्षं झाली. ओठ बघून समजून घेतात सगळं. तुम्हाला बोलल्या नाहीत?"

वर खोलीत औषधाचा वास होता, आईच्या खाटेजवळ असायचा तसा. पहिल्या बुधवारी तो नव्हता. धाकटी नेहमीच्या जागी बसली आणि तिनं नेहमीसारखा कागद तोंडासमोर धरला. मग तिच्या ध्यानात आलं, आपण नेहमी असाच धरतो.

कागदाच्या कडेवरून तिनं पहिल्यांदाच बाईंकडे नीट पाहिलं. बाई तिच्याकडे बघत नव्हत्या. त्यांची नजर तिच्या डाव्या खांद्याच्या वर, वीतभर उंचावर होती. तिथं टक लावून त्या वाट बघत होत्या.

मागे नुसती भिंत आहे, तिनं स्वतःला बजावलं. वळून मात्र पाहिलं नाही.

"वाच," बाई म्हणाल्या.

"मी जागी होते," ती वाचू लागली. "आईनं तीनदा हाक मारली. मी ऐकली… आणि उठले नाही."

बोट जागचं हललं नाही. इतक्या वर्षांनी छातीवरचं काहीतरी उतरलं. आता शेवटचं एकच वाक्य राहिलं होतं.

"त्यानंतर आईनं मला कधीच हाक मारली नाही."

बोट उठलं.

ती थांबली. खोलीत कसलाही आवाज नव्हता. बाईंनी मात्र मान पुढे काढली, डोळे बारीक केले आणि तिच्या खांद्यावरून पलीकडे बघत त्या हलकेच म्हणाल्या,

"जरा सावकाश… ओठ कळत नाहीयेत."