काळ्या पट्टीवरचा रे

कस्तुरी क्लासचं कुलूप काढत होती, तेवढ्यात वरच्या मजल्यावरून धाडधाड उतरणारा तो तिच्यावर येऊन धडकला. "सॉरी... पेटीचा क्लास इथेच ना?" म्हणून हसला. हसणं छान होतं, म्हणूनच तिला संशय आला.

तसं कारणही होतं. गेल्या वर्षी एका विद्यार्थिनीनं तिचे धडे गुपचूप रेकॉर्ड करून स्वतःचा ऑनलाइन क्लास थाटला होता आणि बंगळुरूच्या चामराजपेटेतले निम्मे शिष्य पळवले होते. आता हा राजस, मूळ पुण्याचा, संगीतातलं काहीच येत नाही म्हणतो आणि सर्जापूर रोडवरून दीड तास ट्रॅफिक सोसून सा-रे-ग-म शिकायला येतो म्हणे! फोन पालथा ठेवतो. शिवाय तो आला नाही की तिचा शनिवार बेचव जातो... याचा तर तिला सगळ्यात जास्त राग यायचा.

महिना झाला. "पांढरी एक म्हणजे सा. पुढं सगळे शुद्ध स्वर, सगळ्या पांढऱ्या पट्ट्या," तिनं पुन्हा सांगितलं.

राजसची बोटं चालली. रे काळ्या पट्टीवर, ध काळ्या पट्टीवर. बाकी अचूक.

कस्तुरी चमकली. नवशिका दर वेळी नव्या जागी चुकतो. हा मात्र दर वेळी हेच दोन स्वर कोमल लावत होता, आणि कर्नाटक संगीतातला पहिला धडा नेमका असाच असतो!

"शिकून आलाय तुम्ही. खरं सांगा बघू, कुणी पाठवलं?"

त्याचे कान लाल झाले. "वर... महानंदाअक्कांकडे तीन महिने कर्नाटक गाणं शिकत होतो. पण खालून तुमचा आवाज यायचा, माझं लक्षच लागेना. शेवटी अक्का वैतागल्या. म्हणाल्या, 'स्वल्प... जरा खालीच जा की!'"

"आणि काहीच येत नाही, हे खोटं?"

"येतं म्हटलं असतं, तर शिकवलं असतंत?" त्यानं फोन तिच्यापुढे सरकवला. "हवं तर चेक करा. तुम्ही गाताना मेसेज दिसायला नको, म्हणून पालथा ठेवतो. मला तुम्ही आवडता, कस्तुरी."

तिनं फोनला हात लावला नाही. इतका आनंद झाला, की तो लपवताना तिची तारांबळ उडाली.

"सरी... बरं," ती कशीबशी म्हणाली. त्याचं बोट काळ्या पट्टीवरून उचलून तिनं पांढरीवर ठेवलं. "हा आपला रे. यापुढं खोटं नाही."

"नाही."

ग, म, प नीट वाजले. ध आला आणि तिच्याकडे बघत त्यानं मुद्दाम काळी पट्टी दाबली.

या वेळी कस्तुरीला संशय आला नाही. खात्रीच होती. तिनं त्याचा हात पुन्हा धरला.