डाव्या पंखातला पाना

"खिडकी काढावीच लागणार!" टेप गुंडाळत काकाने जाहीर केलं. "आडवा करा, उभा करा, तिरका करा, हा पंख दारातून काही जात नाही!"

"मग आत कसा आला?" भोंगाने विचारलं, आणि शोकेसमधले कप किणकिणले. भोंगा म्हणजे शेजारचा मुलगा. त्याचं खरं नाव शाळेच्या हजेरीत होतं. पण त्याचा आवाज एकदा ऐकला की दुसरं नाव कुणाला सुचतच नसे.

"आत आला नाही. आतच जन्मला!" बटण म्हणाला. वय वर्षं आठ, अंगाने गोल, आणि मोठ्या बहिणीच्या मागे कायम शिवल्यासारखा, म्हणून बटण.

पोरगं खोटं बोलत नव्हतं. विमानाचे सुटे भाग खोक्यांतून घरी आले तेव्हा बाबांनी सगळं मोजलं होतं. विमानाचं धड आणि उजवा पंख गॅरेजमध्ये मावले. डाव्या पंखाला जागा उरली नाही, म्हणून तो हॉलमध्ये सोफ्याशेजारी दोन लाकडी स्टँडवर तयार झाला. बाबांनी हॉल मोजला, पंख मोजला, आणि दार तेवढं मोजायचं राहिलं! ते लक्षात आलं तेव्हा घरातले सगळे आठवडाभर हसत होते. आई तर भाजी चिरता चिरता मध्येच फिसकन हसायची.

त्यानंतर दोन महिन्यांनी बाबा गेले. याच हॉलमध्ये त्यांच्या छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं. त्याला आता पाच महिने झाले होते. दर रविवारी येऊन काकाने विमान पूर्ण केलं होतं. आज चार वाजता तपासनीस बाई पंख पाहायला येणार होत्या. त्यांनी सही केली की पंख खिडकीतून धावपट्टीवर, आणि येत्या रविवारी काका ते विमान उडवणार!

"खारू, तू का गप्प?" काकाने विचारलं. "दादाचं विमान उडणार! आनंद नाही झाला?"

"झाला ना," खारू म्हणाली.

झाला नव्हता. दुःखही होत नव्हतं. पाय झोपला की तो आपला असून आपला वाटत नाही ना, तसं तिचं सगळंच झालं होतं. तेरा वर्षांची ही मुलगी वेळेवर उठायची, जेवायची, बटणचे केस विंचरायची. बाबा गेल्यापासून ती एकदाही रडली नव्हती. येणारे-जाणारे म्हणायचे, "किती समजूतदार पोर!" ती मान डोलवायची.

खारू हे नाव बाबांनीच ठेवलेलं. तिचे हात खारीसारखे बारीक. जिथे बाबांचा पंजा अडकायचा तिथे तिचा हात खांद्यापर्यंत आत जायचा. अर्धं विमान तिने आतून धरलं होतं म्हटलं तरी चालेल.

"मी गाडा घेऊन येतो आणि येताना बाईंनाही आणतो," काका म्हणाला. "तोवर गॅरेजमधून पेचकस आणा आणि खिडकीचे स्क्रू सैल करा. आणि पंखाला हात लावायचा नाही!"

गॅरेजच्या भिंतीवर हत्यारांचा फळा होता. प्रत्येक हत्याराभोवती बाबांनी निळी रेघ काढलेली. हातोडीच्या जागी हातोडीच्या आकाराची, पक्कडीच्या जागी पक्कडीच्या. काम संपलं की बाबा हात पुसत विचारायचे, "फळा भरला?" खारू एकेक रेघ पाहायची आणि ओरडायची, "भरला!" त्याशिवाय दिवा बंद होत नसे. एकदा एक चिमटा मिळेना, तर सगळे तास-दीड तास जमिनीवर रांगत होते! शेवटी तो बटणच्या खिशात निघाला.

पाच महिन्यांत खारूने त्या फळ्याकडे पाहिलं नव्हतं. आताही ती पाठमोरीच उभी राहिली.

"पेचकस सापडला," बटण म्हणाला. मग खो खो हसत सुटला. "ताई, बघ! या पान्याला कपडे मोठे झालेत!"

"काय बडबडतोस?"

"अगं, बघ तर खरं!"

खारू वळली. दहा नंबरचा पाना जागेवर होता. पण तो रेघेपेक्षा दोन बोटं आखूड होता. चकचकीत, कोराकरकरीत! बाबांच्या प्रत्येक पान्याच्या दांड्यावर पिवळी चिकटपट्टी असायची. याच्यावर नव्हती.

"हा आपला नाही," ती म्हणाली.

"मग आपला कुठे गेला?" भोंगा म्हणाला.

काका गेटपाशीच होता. तिघं धावत त्याच्याकडे गेले.

"तो होय? मीच आणला नवा," काका म्हणाला. "जुना सापडेना. त्या दिवसांत घरात किती माणसं आली-गेली! गेला असेल कुठेतरी."

"डावा पंख बंद करायच्या आधी गेला की नंतर?" खारूने विचारलं.

"मला काय ठाऊक! अगं, एक पाना तो. त्याचं काय एवढं?" आणि गाडी निघून गेली.

खारू तिथेच उभी राहिली. आपले हात गार पडल्याचं तिला कळत होतं, पण ते दुसऱ्याच कुणाचे हात असल्यासारखं.

"त्या दिवशी मी फळा पाहिला नाही," ती म्हणाली.

"कुठल्या दिवशी?"

"बाबा पंखावर काम करत होते. म्हणाले, खारू, जरा पाणी आण. मी पाणी घेऊन आले तर ते खाली बसलेले. मग ॲम्ब्युलन्स आली." हे सगळं तिने बसचं वेळापत्रक वाचावं तसं सांगितलं. "पंखाचा वरचा पत्रा तेव्हा उघडा होता. नंतर काकाने रिव्हेटचे खिळे ठोकून तो बंद केला. फळा कुणीच पाहिला नाही."

एरवी भोंगाचा आवाज पुढच्या गल्लीत ऐकू जायचा. आता तो हळू बोलला. "म्हणजे पाना पंखात आहे?"

"असला तर काय होतं?" बटणने विचारलं.

"पंखाच्या मागच्या कडेला हलणारी पट्टी आहे ना?" खारू म्हणाली. "ती वर-खाली झाली की विमान वळतं. तिची दांडी पंखाच्या आतून जाते. पाना घसरत जाऊन त्या दांडीत अडकला, तर काका वळेल आणि मग त्याला सरळ होताच येणार नाही."

भोंगा हॉलच्या खिडकीशी जाऊन पंखाकडे पाहून आला.

"पण पंख बंद आहे," भोंगा म्हणाला. "न उघडता आत बघणार कसं?"

खारूने विचार केला. विचार करायला काही वाटावं लागत नाही, हे एक बरं होतं. "पंखाचा पत्रा ॲल्युमिनियमचा," ती म्हणाली. "त्याला चुंबक चिकटत नाही. पाना पोलादी. त्याला चिकटतं."

"माझा जुना स्पीकर!" भोंगा किंचाळला. "तो माझ्याच आवाजाने फाटला असं आजोबा म्हणतात! त्यात हे एवढं मोठं चुंबक आहे!"

दहा मिनिटांत स्पीकरची चिरफाड झाली आणि बशीएवढं चुंबक हातात आलं.

"आधी उजवा पंख," खारू म्हणाली. "दोन्ही पंख जुळे आहेत. याच्यात जिथे जिथे पोलाद आहे, तिथे तिथेच डाव्यातही असायला हवं."

गॅरेजमध्ये तिघं उताणे झोपून उजव्या पंखाखाली सरकले. खारू पत्र्याखालून चुंबक फिरवत होती आणि ते ओढलं गेलं की बटण तिथे खडूने फुली मारत होता. सात जागी ओढलं गेलं. सातही जागी आतला बोल्ट पक्का. चुंबक सरकवलं की तेच सुटून येई, आत काही हलत नसे.

मग हॉल. पंखावरची चादर खारूने काढली. त्याच्याखाली शिरताना क्षणभर तिला वाटलं, शेजारी बाबांचे पाय दिसतील. दिसले नाहीत. ती आत सरकली.

एक, दोन, तीन... सात. सगळ्या फुल्या उजव्या पंखासारख्याच.

"नाही वाटतं," भोंगा म्हणाला. "चला, वाचलो!"

"थांब." खारूने चुंबक टोकाकडे नेलं. तिथे उजव्या पंखात काहीच नव्हतं.

टक्!

आत काहीतरी उडी मारून पत्र्याला चिकटलं. तिने चुंबक इंचभर सरकवलं. पंखाच्या पोटात खर्रर्र झालं. पुन्हा इंचभर, पुन्हा खर्रर्र!

"चालतंय!" बटण ओरडला. "ताई, ते चालतंय!"

"बोल्ट चालत नाही," खारू म्हणाली. "पाना चालतो."

तेवढ्यात बाहेर हॉर्न वाजला. चार वाजायला अजून वीस मिनिटं होती, पण बाई वेळेआधी येणाऱ्यांतल्या निघाल्या. गळ्यात दोरीला लटकलेला चष्मा, हातात आरसा आणि टॉर्च.

"काका, पंखात..." खारूने सुरुवात केली.

"आत्ता नाही!" काका दबक्या आवाजात म्हणाला. "बाई असेपर्यंत तिघांपैकी एकानेही तोंड उघडायचं नाही. कळलं? आणि भोंग्या, तू तर श्वाससुद्धा हळू घे!"

बाईंनी पंखावरून बोटं फिरवली, मागची पट्टी वर-खाली केली. "पत्रा बंद करायच्या आधी आतले सगळे नट कुणी पाहिले?"

"दादाने," काका म्हणाला.

"तुम्ही स्वतः नाही पाहिलेत?"

काका ताठ उभा राहिला. "दादाने हात लावलेल्या जागेत मी काय चुका काढणार, बाई? तो एकेक नट तीनदा पाहायचा. मला ते बरं वाटलं नाही."

 बाईंनी कागद काढला, पेन काढलं. खारूने बटणकडे पाहिलं. बटण गडगडत पंखाखाली गेला.

खर्रर्र!

बाईंचं पेन थांबलं. "हे काय?"

"उंदीर असेल," काका घाईने म्हणाला.

खर्रर्र... खर्रर्र... खर्रर्रर्र!

"उंदीर पंखात?" बाई खाली वाकल्या. बटण उताणा पडलेला, पोटावर चुंबक, तोंडावर बोट.

"हे काय चाललंय रे?" काका ओरडला. "मी काय सांगितलं होतं?"

"तोंड उघडायचं नाही असं," भोंगा म्हणाला. "आम्ही नाहीच उघडलं. पंखाने उघडलं!"

बाईंनी पेनाला टोपण लावलं. "ड्रिल आणा," त्या काकाला म्हणाल्या.

आवाज ऐकून आई दारात आली. गेले पाच महिने ती पंखाकडे न बघता हॉलमधून जायची. आज उंबऱ्यावर थांबली. काका एकेक रिव्हेट ड्रिलने काढत होता आणि त्याच्या कपाळावरचा घाम पत्र्यावर पडत होता. बावीस रिव्हेट निघाले तेव्हा पत्रा वीतभर उचलला गेला.

"माझा हात जात नाही," काका म्हणाला.

"माझा जातो," खारू म्हणाली.

ती खांद्यापर्यंत आत शिरली. बोटांना थंड दांडा लागला. मग चिकटपट्टी, कडेने जराशी सुटलेली. तिने पाना बाहेर काढला आणि काकाच्या हातात दिला. काका मटकन सोफ्यावर बसला.

पण खारूने टॉर्च घेऊन पुन्हा आत डोकावलं. बाबा घट्ट केलेल्या प्रत्येक नटावर आईच्या नेलपॉलिशने लाल रेघ ओढायचे. घट्ट नाही तर रेघ नाही. आत सगळीकडे लाल रेघा होत्या. पट्टीला दांडी जोडणाऱ्या एकाच नटावर ती नव्हती.

तिने तो नट दोन बोटांनी फिरवून पाहिला. फिरला.

"हा सैल आहे," ती म्हणाली. "बाबा हाच घट्ट करत होते. तेव्हाच पाणी मागितलं."

 बाईंनी स्वतः आरसा आत घालून पाहिलं, आणि त्या चष्मा काढून पुसत बसल्या. "पाना बाजूलाच राहू दे," त्या काकाला म्हणाल्या. "हा नट हवेत निघाला असता. रविवारचं उड्डाण रद्द. दोन्ही पंखांतले सगळे नट तुम्ही स्वतः पाहायचे. मग मी येईन." मग त्या मुलांकडे वळल्या. "वीस वर्षं मी विमानं तपासते. चुंबकाने पाना चालवून दाखवणारं अजून कुणी भेटलं नव्हतं. या माणसाचा जीव तुम्ही तिघांनी वाचवलात. शाबास!"

"थँक्यू," भोंगा इतक्या हळू म्हणाला की बटणने त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला.

काकाने खारूचा हात धरला. "तू मला सांगत होतीस, आणि मी गप्प बसवलं. चुकलो गं."

"ठीक आहे," खारू म्हणाली. तिला अजूनही काही वाटत नव्हतं.

बाबांच्याच पान्याने तिने नट आवळला. ताकद पुरेना, तेव्हा बाईंनी तिच्या कोपराला हात दिला. मग सगळ्यांनी इकडेतिकडे पाहिलं. लाल रेघ कशाने काढायची?

आई आत गेली आणि नेलपॉलिशची छोटी बाटली घेऊन आली. वाळून घट्ट झालेली. तिने त्यात रिमूव्हरचे दोन थेंब टाकले, तळव्यांत धरून बाटली बराच वेळ घोळवली आणि खारूच्या हातात दिली. खारूने नटावर रेघ ओढली. जरा वाकडीच आली.

बाई गेल्या. उरलेला दिवस गॅरेज आवरण्यात गेला. बटणने नव्या पान्याभोवती फळ्याच्या कोपऱ्यात निळी रेघ काढली, "त्याच्या मापाचे कपडे!" म्हणत. जुना पाना खारूने त्याच्या जागी अडकवला. रेघेत तो बरोबर बसला.

काका हात पुसत दिव्याच्या स्विचपाशी गेला. तिथे थांबला.

"फळा भरला?" त्याने विचारलं.

खारूने पाहिलं. हातोडी. पक्कड. चिमटा. आठ नंबर, नऊ नंबर, दहा नंबर. एकही रेघ रिकामी नव्हती.

"भरला," ती म्हणाली. आणि मग तिचा चेहरा एकदम वेडावाकडा झाला. ती तिथेच, तेलाच्या डबड्यावर बसली आणि मोठमोठ्याने रडायला लागली. काकाने दिवा बंद केला नाही. आई धावत आली आणि तिला घट्ट धरून तीही रडली. बटण दोघींच्या मध्ये घुसला.

भोंगा दारात अवघडून उभा होता. "रडतेयस?" त्याने कुजबुजत विचारलं.

"हो," खारू म्हणाली, आणि रडत राहिली.