केळीची गाडी आणि मधली वीज

"डिझेल पोटात असताना या इंजिनाला वीज कशाला लागते?"

शंकासुराने हा प्रश्न विचारला तेव्हा चिंचटेक स्थानकात केळीची अख्खी मालगाडी उभी होती. त्याला पटेल असं उत्तर मिळाल्याशिवाय ती हलणार नव्हती.

शंकासुर म्हणजे रेल्वेचा निरीक्षक यंत्रमानव. दुधाच्या किटलीसारखं अंग, खाली तीन चाकं, वर बगळ्यासारखी लांब मान आणि मानेच्या टोकाला एक दिवा. त्याचं खरं नाव आकड्यांचं होतं, ते कुणाच्या लक्षात राहत नसे. गरम चहा मागवून मग तो फुंकून गार का करायचा, असं त्याने एकदा स्टेशनमास्तरांना विचारलं आणि त्या दिवसापासून तो शंकासुर झाला.

आदल्या दिवशीच्या वादळात घाटातले विजेचे खांब आडवे झाले होते. देशातल्या सगळ्या गाड्या आता वरच्या तारेतून वीज घेऊन धावत. तार मेली की गाडी मेली. शिवाय या गाडीच्या डब्यांना गारवाही त्याच तारेतून मिळत होता.

पूर्वा डब्याला हात लावून आली. पत्रा कोमट लागत होता.

"एक केळं पिकलं ना, की त्यातून इथिलीन नावाचा वायू (फळं पिकवणारा, डोळ्यांना न दिसणारा वायू) सुटतो," तिची आई उज्ज्वला तिला सांगत होती. "तो लागला की शेजारचं पिकतं, मग त्याच्या शेजारचं. गावात बातमी पसरावी तसं. संध्याकाळच्या आत घाटापलीकडे सोनबर्डीला पोचलो तर तिथे तार जिवंत आहे. नाहीतर दिल्लीला शिकरणच जाईल."

आई हसत बोलली, पण हाताने पदराचं टोक पिळत होती. पंचक्रोशीतल्या बायकांनी व्यापाऱ्याला बाजूला सारून प्रथमच स्वतःची गाडी भरली होती. भरा म्हणणारी उज्ज्वला होती. गाडी फसली तर पुढच्या वर्षी कुणी तिचं ऐकणार नव्हतं, आणि हे पूर्वाला कुणी सांगावं लागलं नव्हतं.

उपाय समोरच होता. स्थानकाच्या टोकाला, पत्र्याच्या छपराखाली एक जुनं मालवाहू डिझेल इंजिन अडीअडचणीसाठी ठेवलेलं होतं. पण ते भंगारात काढावं, अशी शिफारस शंकासुराने गेल्याच महिन्यात केली होती, आणि त्याची चावी शंकासुराच्या पोटातल्या खणात होती.

"माझा आक्षेप साधा आहे," शंकासुर म्हणाला. "या यंत्रात डिझेल जाळून इंजिन फिरतं. इंजिन जनित्र (फिरवलं की वीज देणारं यंत्र) फिरवतं. ती वीज चाकांजवळच्या मोटरींना जाते, आणि मोटरी चाकं फिरवतात. म्हणजे फिरण्याची वीज केली आणि विजेचं पुन्हा फिरणं केलं. दोन्ही वेळा थोडी शक्ती वाया गेली. इंजिन सरळ चाकांना का जोडलं नाही? ज्याने हा आराखडा केला त्याला हिशेब येत नसावा."

"येत होता," मागून आवाज आला. "गणितात माझा नंबर कधी दुसरा आला नाही."

कुमुदआजी, म्हणजे उज्ज्वलाची मावशी. केस पांढरे, पायात पोरांचे असतात तसले बूट. हे इंजिन ज्या मंडळींनी कागदावर रेखाटलं, त्यांत तरुणपणी तीही होती.

"आजी, पण त्याचं बरोबर वाटतंय," पूर्वा हळूच म्हणाली. "मधली माणसं काढली तर माल वाचतो. आईनेही तेच केलं."

"अगं बाई," कुमुदआजी म्हणाली, "घरातच फितुरी. बरं, मला सांग, तुमचा तो जुना डिझेलचा ट्रॅक्टर. क्लचवरचा पाय झटकन काढला की काय होतं?"

"हिसका बसतो आणि बंद पडतो. आई चिडते."

"का पडतो बंद?"

आजी प्लॅटफॉर्मच्या बाकावर टेकली.

"डिझेल इंजिनाची एक खोड आहे. त्याला अगदी सावकाश फिरता येत नाही. ठरावीक वेगाच्या खाली आलं की गुदमरून थांबतं. आता गाडी सुटायच्या क्षणी चाकांचा वेग किती असतो?"

"शून्य."

"मग शून्यावर असलेलं चाक आणि शून्यावर येऊच न शकणारं इंजिन एका दांड्याला बांधलं तर?"

"इंजिन बंद पडेल," पूर्वा म्हणाली.

"ट्रॅक्टरमध्ये म्हणून मध्ये क्लच असतो. एकमेकींवर घासणाऱ्या तबकड्या. सुरुवातीला त्या घसरतात, हळूहळू पकड घेतात. ट्रॉलीला तेवढं पुरतं. शंकासुरा, तू या गाडीसाठी कर बरं हिशेब. हजारो टन वजन, चढ, आणि तबकड्या किती वेळ घासत राहतील?"

शंकासुराच्या मानेवरचा दिवा लुकलुकला.

"तबकड्या घाटाच्या पायथ्याशीच लाल होतील," तो म्हणाला. "मग वितळतील."

"म्हणून आम्ही मध्ये वीज घातली. जनित्रापासून मोटरीपर्यंत दांडा नाही, दातेरी चाक नाही, नुसत्या तारा. इकडे इंजिन आपल्या तालात गरगरतंय, तिकडे चाक अजून जागचं हललं नाही, तरी कुणाला हिसका नाही. आणि मोटरीचा गुण असा, की ती थांबलेली असते तेव्हाच तिचा जोर सगळ्यात जास्त असतो. फार वेळ अडकली तर तापते, हे मात्र खरं."

पूर्वा विचार करत होती. "म्हणजे लग्नातल्या आचाऱ्यासारखं. तो आत त्याच्या वेगाने रांधतो आणि वाढपी ज्याच्या त्याच्या पानाकडे बघून वाढतात. आचाऱ्यालाच पंगतीत फिरवलं तर आत सगळं करपेल."

"हे मला चाळीस वर्षांत सुचलं नाही," कुमुदआजी म्हणाली. "चाकांच्या सहा जोड्यांना सहा मोटरी, म्हणजे सहा वाढपी."

"पण शंभरातले दहा-बारा भाग मध्ये गळतात," शंकासुर हटेना.

"वाढपीही जेवतातच की रे."

किटलीच्या पोटातला खण सरकला आणि चावी बाहेर आली.

चालक होते सलीम तडवी. जन्म विजेच्या इंजिनांवर गेलेला. डिझेल त्यांनी प्रशिक्षणात चालवलं होतं तेवढंच. त्यांनी इंजिन सुरू केलं तेव्हा छपरातून कबुतरं उडाली आणि काळा धूर निघाला. गाडीच्या तोंडाशी येऊन ते जोडलं गेलं.

आता लगेच निघायचं, तर केळीवाल्या बायका आडव्या आल्या. इतक्या वर्षांनी इंजिन बाहेर पडतंय आणि पूजा नाही? त्यांनी दोन्ही बाजूंना केळीचे खुंट बांधले, पुढच्या रुळांवर हिरवीगार पानं अंथरली, नारळ फोडला, चाकाखाली लिंबं ठेवली. समईतलं उरलेलं तेलही कुणीतरी भक्तिभावाने रुळावर ओतलं. उज्ज्वलाने हळदकुंकू वाहिलं आणि ती मागे गार्डच्या डब्यात बायकांसोबत जाऊन बसली. पूर्वा, आजी आणि शंकासुर इंजिनात चढले. ते नियमात बसत नव्हतं, पण नियमांवर लक्ष ठेवणाराच सोबत निघाला होता.

तडवींनी शक्तीचा दांडा पहिल्या खटक्यावर टाकला. एकामागून एक डब्यांच्या जोडण्या ताणल्या गेल्या, खड खड खड. दुसरा खटका, तिसरा. इंजिन हातभर पुढे सरकलं आणि लाल दिवा लागला. पुढची चाकं जागच्या जागी गरगरू लागली.

तडवींनी दांडा मागे घेतला. "घसरतंय. जोर आहे, पण पकड नाही."

"जोर पुरेसा असताना गाडी का हलत नाही?" शंकासुराने विचारलं.

पूर्वा शिडीवरून खाली उतरली. रुळांवर केळीच्या पानांचा लगदा झाला होता, वर तेल, त्यात लिंबाच्या फोडी. तिने बोट लावलं, ते सुळकन सरकलं.

"आजी, आपण पूजेवरून घसरतोय."

कुमुदआजीने खिडकीतून मान काढून पाहिलं. "लोखंडी चाकाची लोखंडी रुळावर पकड मुळात थोडीच. दोन्ही टणक असल्याने गाडी हलकी पळते, पण पकड थोडी म्हणूनच मालगाडीचं इंजिन मुद्दाम जड करतात. चाकं रुळावर दाबून बसली पाहिजेत. त्या थोड्या पकडीवर तुम्ही तेल घातलंत."

"भक्तीने घर्षण कमी होतं, अशी नोंद करू का?" शंकासुर म्हणाला.

"कर. खोटं काय आहे त्यात?"

उज्ज्वला मागून धावत आली. तिने लगदा पाहिला, ओचा खोचला आणि रूळ पुसायला बसली. मग बाकीच्या बायकाही बसल्या. चिंध्या झाल्या, राख झाली, पुन्हा चिंध्या झाल्या. ऊन उतरत चाललं होतं. बोट लावल्यावर सरकेनासं झालं तेव्हा पूर्वाने हात वर केला.

या खेपेला तडवींनी चाकांपुढे नळीतून कोरडी वाळू सोडली आणि दांडा खटक्याखटक्याने, दम घेत पुढे नेला. इंजिन घुमलं. चाकाखाली वाळू कुरकुरली. गाडी निघाली.

घाटात पूर्वा दोन काटे बघत उभी होती. इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा पार टोकाला, आणि गाडीच्या वेगाचा काटा बैलगाडीने पुढे निघून जावं असा. आत आकांत, बाहेर संथपणा. दोन्ही एकाच यंत्रात सुखाने नांदत होते, कारण मध्ये फक्त तारा होत्या. मघाशी कळलं ते तिला आता दिसलं.

"मोटरी तापल्यात," तडवी म्हणाले. "वर पोचेस्तोवर थांबायला लागू नये."

शेवटच्या वळणावर वेगाचा काटा इतका खाली आला की पूर्वाने खिडकीची कड घट्ट धरली. मग झाडं जरा भरभर मागे जाऊ लागली आणि माथा आला.

उतार लागताच छपरावर प्रचंड घरघर सुरू झाली.

"आता मोटरी उलटं काम करतायत," कुमुदआजी म्हणाली. "उतारावर चाकं त्यांना फिरवतात, म्हणजे त्या जनित्र होतात. वीज करायला जोर लागतो, तो चाकांचा जातो आणि गाडी आवरली जाते. ब्रेकचे ठोकळे झिजत नाहीत."

"आणि ती वीज?" शंकासुराने मान लांब केली.

"छपरावरच्या तारजाळ्यांत जाते. त्या तापतात, पंखे त्यांना वारा घालतात."

"म्हणजे एवढा घाट चढून कमावलेलं आपण हवेत सोडतोय."

कुमुदआजीने मान डोलावली. "हो. आम्हाला ते तेव्हाही दिसत होतं. पण ठेवणार कुठे? तेवढी बॅटरी करायची तर तिचीच एक मालगाडी झाली असती."

"आता बॅटऱ्या लहान झाल्यात," पूर्वा म्हणाली. "उतारावरची वीज त्यांत साठवली, तर डब्यांना गारवा देता येईल. तार नसली तरी."

शंकासुराचा दिवा लुकलुकत होता.

सोनबर्डीला दिवेलागणीआधी पोचले. डब्यांना तारेची वीज जोडली गेली आणि पंखे सुरू झाले. उज्ज्वलाने एकेक दार उघडून आतल्या फण्या दाबून पाहिल्या. हिरव्या होत्या, टणक होत्या. शेवटच्या डब्यात एका कोपऱ्यातले घड पिवळे पडायला लागले होते, ते तिने उतरवून घेतले. मग तिथेच प्लॅटफॉर्मवर बसली आणि तिने पाय लांब केले. केळीच्या रसाने काळी पडलेली बोटं ती बघत होती.

"पुढची गाडी कधी भरायची गं, उज्ज्वला?" त्या बायकांपैकी एकीने विचारलं.

सोनबर्डीचं विजेचं इंजिन केळी घेऊन दिल्लीकडे गेलं. जुनं इंजिन परतीच्या रुळावर एकटं उभं होतं. शंकासुर त्याच्याभोवती दोन फेऱ्या मारून आला.

"माझ्या अहवालात 'भंगार' हा शब्द आहे," तो म्हणाला. "तो काढल्यावर तिथे काय लिहायचं, ही शंका आहे."

"सध्या कोरं ठेव," कुमुदआजी म्हणाली. "तडवी, परतताना मागे एक रिकामा डबा जोडून मिळेल?"

"रिकामा? कशाला?"

आजीने पूर्वाकडे पाहिलं.

"त्यात केवढी बॅटरी बसेल ते मोजायचंय," पूर्वा म्हणाली, आणि टेप मागायला स्टेशनमास्तरांच्या खोलीकडे निघाली.